विनातारण

मराठीत ‘तारण’ हा शब्द दोन ठिकाणी रोज वापरला जातो, आणि त्या दोन ठिकाणच्या माणसांची एकमेकांशी सहसा गाठ पडत नाही. पहिले ठिकाण बँक. सोनेतारण, मालतारण, जमीनतारण. कर्ज मागायला आलेल्या माणसाला आम्ही पहिला प्रश्न विचारायचो तो हाच, ‘तारण काय देता?’ दुसरे ठिकाण चर्च. तिथे तारण म्हणजे पापातून सुटका, आणि ती करणारा तो तारणारा. बँकेत तारण माणसाने द्यायचे असते, चर्चमध्ये ते त्याला मिळते. एकच शब्द दोन इतक्या उलट दिशांना तोंड करून उभा असलेला मला दुसरा आठवत नाही.

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी पौष महिन्यात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला जाण्याचा रिवाज आहे आणि तो अजून मोडलेला नाही. परंतु नाशिकमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला शरणपूर रोड टाळता येत नाही. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या हजारो लोकांपैकी शरणपूर हे एक गाव होते, मिशनऱ्यांनी वसविलेले होते, आणि त्याच्या नावातच शरण जाण्याची गोष्ट आहे, हे किती जणांच्या ध्यानात येत असेल कोण जाणे. बँकेत अडतीस वर्षे पहिल्या अर्थाच्या तारणाचे कागद चाळले. दुसऱ्या अर्थाचे कागद निवृत्तीनंतर चाळायला घेतले, आणि त्यातली भाषा वाचून चकित झालो. ती सगळी आमच्याच खात्याची भाषा होती.

ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा म्हणतात तो थोडक्यात असा. माणूस देवाचा देणेकरी आहे. हे देणे त्याच्याने कधीही फिटणारे नाही. ते देवाने स्वतःच भरून टाकले आहे, आणि ही सुटका माणसाला त्याच्या पुण्याईच्या बदल्यात नव्हे, तर निव्वळ कृपेने मिळते. माणसाने हात पुढे करून ती घ्यायची, एवढेच त्याच्याकडे उरते. घेतली की त्याचा नवा जन्म होतो. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पापाच्या परिणामासाठी सैनिकाच्या पगाराचा शब्द वापरला आहे आणि जीवनासाठी देणगीचा. म्हणजे मरण हे कमावलेले, जीवन हे दिलेले. हिशेबाच्या माणसाला हा भेद चटकन कळतो आणि तितक्याच चटकन खटकतो.

खटकतो, कारण फुकट या गोष्टीला आपल्याकडे अब्रू नाही. फुकट्या, फुकटचंबू, जन्म फुकट गेला. मराठी बायबलने ‘कृपादान’ असा भारदस्त शब्द योजून ही अडचण सोडविली खरी, पण अडचण शब्दाची नाहीच. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या प्रार्थनेत येशू जी क्षमा मागायला शिकवितो ती ऋणांची. लूकने त्याच प्रार्थनेत पापे म्हटले आहे, पण मूळ ग्रीक शब्द मत्तयाकडे सरळ देण्याचा, थकबाकीचा आहे. इब्रींस लिहिलेल्या पत्रात येशू हा जामीन आहे. मार्काकडे तो पुष्कळांच्या सुटकेसाठी आपला प्राण खंडणी म्हणून देतो. खंडणी हा शब्द आज वर्तमानपत्राच्या गुन्हेगारीच्या पानावर जाऊन बसला आहे, त्यामुळे नव्या वाचकाला ते वाक्य वाचताना दचकायला होते. पण ज्यांनी तो शब्द निवडला ते चुकले असे मला वाटत नाही. ओलीस धरलेल्या माणसाला सोडवून आणण्यासाठी जो पैसा मोजावा लागतो, त्याला दुसरे काय म्हणणार?

हे सगळे अलंकारिक बोलणे आहे असे कुणाला वाटेल. शरणपुरात ते अलंकारिक नव्हते.

१८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकच्या वेशीबाहेर ही वसाहत उभी केली. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे प्रमुख नाव. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडी, तेव्हा त्यांत सापडलेली आफ्रिकी मुले मुंबईला आणली जात आणि त्यांतली पुष्कळ शरणपुरात धाडली जात. तिथे त्यांना सुतारकाम, लोहारकाम, अक्षरओळख आणि अर्थातच बायबल शिकविले जाई. आफ्रिकेच्या इतिहासाच्या पुस्तकांत ‘नासिक बॉईज’ असा जो उल्लेख येतो तो यांचा. जेकब वेनराइट हा त्यांच्यातलाच. १ मे १८७३ रोजी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मध्य आफ्रिकेत चितांबो या गावी वारला. त्याचे हृदय तिथेच एका झाडाखाली पुरले, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली आणि झाडावर अक्षरेही त्यानेच कोरली. मग त्याच्या सोबत्यांनी ते शव सुमारे नऊ महिने खांद्यावरून वाहत समुद्रकाठी आणले. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत लिव्हिंग्स्टनचे दफन झाले, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत नाशिकला शिकलेला हा मुक्त गुलाम होता.

प्राइस पुढे आफ्रिकेत गेले आणि मोंबासाजवळ फ्रियरटाउन ही वसाहत त्यांनी उभी केली. पूर्वी मुंबईचे गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रियर यांचे नाव तिला दिलेले होते. शरणपुरातली बरीच आफ्रिकी मंडळी तिकडे गेली. जवळच रबाई या ठिकाणी शरणपुरात शिकलेले विल्यम जोन्स हे धर्मसेवक होते, तेही मुळचे गुलामच. आजूबाजूच्या मळ्यांतून पळालेले गुलाम आसऱ्याला येत आणि जोन्स त्यांना परत पाठवीत नसत. १८८८ मध्ये मालकांनी आपला ‘माल’ परत मागितला. प्रकरण हातघाईवर आले. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेंझी यांनी चौदाशेच्या आसपास माणसांची किंमत मालकांना मोजली, आणि १८८९ च्या नववर्षदिनी त्या माणसांना मुक्ततेचे कागद वाटण्यात आले. किंमत दुसऱ्याने भरली, कागद यांच्या हातात पडला. पाद्र्यांना प्रवचनात सांगावे लागते ते रबाईच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. ज्या आरमाराने मुले सोडविली ते एका साम्राज्याचे होते. सुटलेल्या मुलांना त्यांची नावे परत मिळाली नाहीत, जेकब आणि विल्यम ही नावे मिळाली. गुलामाची किंमत मालकाला चुकती करणे म्हणजे मालकाचा हक्क मान्य करणेच, असेही म्हणता येईल. मला ते पटते. खुद्द ख्रिस्ती धर्मपंडितही शतकानुशतके या प्रश्नापाशी अडखळले आहेत की, वधस्तंभावर जी खंडणी भरली ती नेमकी कोणाला? सैतानाला, की देवालाच? याचे सर्वांना पटेल असे उत्तर अजून मिळालेले नाही.

माझ्या नोकरीत कृपेची गाठ पडली ती १९९० साली, आणि ती परिपत्रकाच्या रूपाने. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने त्या वर्षी शेतकऱ्यांची व ग्रामीण कारागिरांची दहा हजार रुपयांपर्यंतची थकबाकी माफ केली. तारीख होती २ ऑक्टोबर १९८९. त्या दिवशी जे थकलेले ते धरायचे. मी तेव्हा निफाड तालुक्यातल्या एका शाखेत होतो. रात्री अकरा अकरा वाजेपर्यंत याद्या करीत बसायचो. त्या योजनेत एक अट होती, हेतुपुरस्सर थकबाकीदाराला माफी नाही. ज्याला भरता येत नव्हते त्याला माफ, ज्याला येत असून भरले नाही त्याला नाही. ही अट आम्हाला सर्वांना रास्त वाटली, आजही वाटते. आणि इथेच सरकारी माफी आणि पौल यांच्या वाटा फुटतात. पौलाचा दावा असा आहे की आपण सगळेच हेतुपुरस्सर थकबाकीदार आहोत आणि माफी आपल्याचसाठी आहे. पात्रतेची यादी नाही. असलीच तर अपात्रांची आहे, आणि तीच मंजूर झालेली आहे.

माफीचा एक बँकी बारकावा इथे सांगतो, कारण क्षमेविषयी बोलताना लोक नेहमी इथे गल्लत करतात. कर्ज निर्लेखित करणे वेगळे आणि माफ करणे वेगळे. निर्लेखित कर्ज बँक आपल्या ताळेबंदातून काढते, पण कर्जदाराच्या डोक्यावरून काढत नाही. वसुली चालूच राहते. माफ केलेले कर्ज संपते. पण तेही हवेत विरत नाही, कोणीतरी भरतेच. १९९० ला बँकांची खोट सरकारने भरून देण्याचे ठरले, म्हणजे ती तुम्ही-आम्ही भरली. माणसे एकमेकांना जी क्षमा करतात तिच्यात निर्लेखनच फार असते. खाते बंद दाखवायचे आणि आतली वही जपून ठेवायची. दर दिवाळीला भाऊबंदकीच्या गप्पांत ती वही उघडते हे वाचकांना सांगायला नको.

त्या वर्षीच्या दोन माणसांना मी विसरलेलो नाही. एक विधवा बाई. दोन गाईंचे कर्ज. ८९ च्या सप्टेंबरात हातातल्या पाटल्या मोडून तिने हप्ते भरले आणि खाते नियमित केले. माफीची बातमी आल्यावर ती शाखेत आली, आरडाओरडा केला नाही, टेबलापाशी उभी राहून एवढेच म्हणाली, ‘साहेब, महिनाभर थांबले असते तर पाटल्या राहिल्या असत्या ना?’ परिपत्रकात याचे उत्तर नव्हते. लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीतला थोरला भाऊ आठवा. घरदार उधळून आलेल्या धाकट्यासाठी पुष्ट वासरू कापले जाते आणि वर्षानुवर्षे शेतात राबलेला थोरला अंगणात उभा राहून म्हणतो, मला एक करडूसुद्धा मिळाले नाही. कीर्तनकार आणि पाद्री दोघेही या थोरल्याला झोडपतात. बँकवाल्याला त्याची बाजू घ्यावीशी वाटते. बाप त्याला सांगतो की माझे आहे ते सगळे तुझेच आहे. त्या बाईला असे सांगणारा बाप नव्हता. सरकारला हे उशिरा सुचले. राज्याच्या २०१७ च्या योजनेत नियमित फेड करणाऱ्यांना पंचवीस हजारांपर्यंत आणि २०१९ च्या योजनेत पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहनाची रक्कम ठेवली गेली. थोरल्याला करडू मिळाले. पाटल्यांना फार उशीर झाला होता.

दुसरा माणूस वेगळा. विहिरीवरच्या इंजिनाचे त्याचे कर्ज, नऊ हजारांवर थकलेले, पूर्ण माफ झाले. त्याने बेबाकी दाखला घेतला, शाखेत पेढे वाटले. त्याच आठवड्यात त्याचा सालदार काम सोडून चालला होता, मुलीचे लग्न होते म्हणून. सालदाराकडे सातशे रुपयांची उचल बाकी होती. आमच्या कर्जदाराने त्याची सायकल ओढून ठेवली आणि सातशे आणल्याशिवाय देणार नाही म्हणाला. ही सायकल मी त्याच्या पडवीत पाहिली आहे. तेव्हा मी बायबल वाचलेले नव्हते. पुढे मत्तयाचा अठरावा अध्याय वाचताना मी थबकलो, कारण तिथे हीच गोष्ट आहे, सायकल तेवढी नाही.

राजाचा एक चाकर दहा हजार टॅलेंटचा देणेकरी असतो. टॅलेंट हे त्या काळचे मोठे परिमाण. एका टॅलेंटचे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. तेव्हा देणे झाले सहा कोटी दिवसांची मजुरी. आजचा रोज चारशे रुपये धरला तर दोन हजार चारशे कोटी. चाकर पाया पडून म्हणतो, मला मुदत द्या, सगळे फेडतो. रोजची सगळी मजुरी भरली असती तरी त्याला एक लाख चौसष्ट हजार वर्षे लागली असती. अशा मुदतवाढीचे अर्ज मी पाहिले आहेत. कर्जदाराला स्वतःची थकबाकी किती हे खरोखरच माहीत नसते. राजा मुदत देत नाही, सगळे देणेच सोडून देतो. चाकर बाहेर पडतो आणि त्याचे शंभर दिनार लागणाऱ्या सोबत्याचा गळा धरतो. शंभर दिनार ही काही क्षुल्लक रक्कम नव्हे, शंभर दिवसांची मजुरी आहे, सातशे रुपयांची उचलही क्षुल्लक नव्हती. पण सहा लाखास एक असे ते प्रमाण आहे. राजाच्या कानावर हे जाते, आणि माफी रद्द होते.

म्हणजे कृपा विनाअट नव्हती तर? इथे ख्रिस्ती लोक आपसांतच भांडले. याकोबाचे पत्र म्हणते कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे. मार्टिन ल्यूथरला ते पत्र फारसे रुचत नसे. १५१७ पासून युरोप या एका प्रश्नावर फाटला, आणि कॅथलिक व ल्यूथरन यांनी एकत्र निवेदनावर सही करायला ३१ ऑक्टोबर १९९९ उजाडावा लागला. मला स्वतःला ती गोष्ट अशी दिसते की, त्या चाकराने माफी घेतलीच नव्हती. त्याच्या लेखी ते निर्लेखन होते. आपले खाते कुठेतरी चालूच आहे या भीतीने तो शंभर दिनार जमवू लागला. आमचा इंजिनवालाही मला तसाच वाटतो. दाखला खिशात होता, कर्ज अजून छातीत होते.

आता हे सर्व आपल्या मातीला परके आहे का? नाही. रामानुजांच्या परंपरेत यावर दोन तट पडले. माकडीचे पिलू आईला घट्ट धरते, मांजरीच्या पिलाला आईच तोंडात धरून नेते, आणि जिवाची तऱ्हा यातली कुठली यावर विद्वान भांडले. ल्यूथर आणि त्याचे विरोधक यांना हा दाखला ऐकायला मिळता तर शाई वाचली असती. रुडॉल्फ ओटो या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने भारतातल्या कृपाधर्माची ख्रिस्ती धर्माशी तुलना करणारे एक पुस्तकच लिहिले. आणि आपल्याकडे तुकाराम आहेत. परंपरा सांगते की दुष्काळानंतर तुकोबांनी घरची सावकारीची खते काढली, निम्मी भाऊ कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत बुडविली. आपण या प्रसंगात तुकोबांचे वैराग्य पाहतो. मी नोकरीच्या सवयीने दुसरी माणसे पाहतो. देहूच्या पंचक्रोशीत त्या दिवशी काही कुळे ऋणमुक्त झाली. अर्ज नाही, यादी नाही, हेतुपुरस्सर-अहेतुक अशी छाननी नाही. नदीने सगळे एकाच मापाने घेतले. आणि त्या माफीची खोट कोणी सोसली? जिजाईने. तिचे तोंड फटकळ होते असे आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत सांगत आलो. ताळेबंदाची दुसरी बाजू ती एकटी वाहत होती.

रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. या म्हणण्याकडे निव्वळ सौजन्य म्हणून पाहू नये. १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पंडित म्हणून नाव, कवी म्हणून नाव, सगळे मागे पडले, आणि नाशिकजवळच्या जलालपूरची, गोखल्यांच्या घरची त्यांची बायको लक्ष्मीबाई एकटी पडली.

नव्या जीवनाची गोष्ट सांगायची तर मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंची सांगावीशी वाटते. टिळक झेपावणारे होते. लक्ष्मीबाई एकेक पाऊल चाचपून टाकणाऱ्या. त्यांचे आजोबा सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमीत फासावर गेले, आणि त्या धक्क्याने वडिलांच्या सोवळ्याला असे वेड लागले की बाजारची वस्तू धुतल्यावाचून घरात यायची नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ती धुण्याची वर्णने हसता हसता अंगावर आलेली असतील. कृपेची नेमकी उलट बाजू ती हीच. कितीही धुतले तरी वस्तू शुद्ध झाल्याची खात्री नाही, म्हणून पुन्हा धुवायचे. असल्या घरातली ही मुलगी. नवरा ख्रिस्ती झाल्यावर पाच वर्षे त्यांनी आपले सोवळे सांभाळले, आधी त्याच्यापासून दूर राहून आणि मग त्याच्या जवळ येऊनही वेगळी चूल मांडून. टिळकांनी सक्ती केली नाही. आणि मग एक दिवस, कोणाच्या प्रवचनाने नव्हे, एकटीने विचार करता करता त्यांना दिसले की जाती देवाने केलेल्या नाहीत, आणि आता कोणाच्याही हातचे पाणी प्यायला हरकत नाही. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा एक वयस्क पंडित रात्री येशूकडे येतो आणि विचारतो, म्हातारा माणूस पुन्हा कसा जन्मेल? साठी उलटल्यावर हा प्रश्न मला पूर्वीसारखा भाबडा वाटत नाही. आपल्याकडे दुसरा जन्म ही कल्पना होतीच. द्विज शब्दाचा अर्थच तो. पण तो जन्म मुंजीने मिळायचा, ठरावीक वर्णांत मिळायचा आणि मुलग्यांनाच मिळायचा. टिळक द्विज होते. लक्ष्मीबाई द्विजांच्या घरात जन्मल्या, द्विजाच्या घरात पडल्या, स्वतः मात्र एकदाच जन्मलेल्या. १९०० साली झाला तो त्यांचा पहिला दुसरा जन्म. त्यानंतरचे त्यांचे आयुष्य पाहा. टिळकांच्या खिशात पैसा टिकत नसे. संसाराच्या ओढाताणीत या बाईने घरात परक्या पोरांना आसरा दिला, बालकवी ठोमऱ्यांसारखा कवी मुलासारखा सांभाळला. टिळक १९१९ मध्ये गेल्यावर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले, आणि धड शाळा न पाहिलेल्या हातांनी मराठीतले एक थोर आत्मचरित्र लिहिले. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. एवढे सोसून ‘स्मृतिचित्रे’त उधारीची वही कुठे निघत नाही. नवऱ्याची, सासऱ्याची, समाजाची थकबाकी त्यांनी सगळी सांगितली आहे, पण वसुलीला कोणाच्या दारात त्या उभ्या राहिलेल्या नाहीत. हे त्या विनोदाने साधतात असे समीक्षक म्हणतात. मला विनोदाच्या मागे बेबाकी दिसते.

पंडिता रमाबाईंची वाट निराळी होती. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहून ठेवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो आठेक वर्षांनी मिळाला. बाप्तिस्म्याचा दाखला एकीकडे आणि सुटका एकीकडे, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारी माणसे कोणत्याही धर्मात थोडी. केडगावच्या संस्थेला त्यांनी नाव दिले ते मुक्ती. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते १९२२ मध्ये त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी पुस्तकरूपाने पुरे झाले.

याच रमाबाईंवर आमिषाचा आरोप झाला. १८९३ च्या सुमारास शारदा सदनावरून पुण्यात उठलेला गदारोळ प्रसिद्ध आहे. दुष्काळात मिशनच्या दारात गेलेल्या महार-मांगांनाही तेच ऐकावे लागले, धान्यासाठी धर्म सोडला म्हणून. याबाबत माझे मत मांडायला हरकत नाही. धान्याच्या पोत्याबरोबर बाप्तिस्मा दिला जात असेल तर ते कृपेच्या सिद्धान्ताशीच बेइमानी आहे. ज्याच्या बदल्यात काही मागितले ते दान राहत नाही, तो तारणकर्जाचा व्यवहार होतो. पण धान्यासाठी गेले हा प्रश्न नेहमी गरिबालाच का विचारायचा? ज्या विहिरीवर त्याला पाणी मिळत नव्हते ती कोणत्या तारणावर बंद ठेवली होती? मिशनच्या शाळेत पोटासाठी गेलेल्यांच्या घरांतून पुढे शिक्षक आणि परिचारिका निघाल्या, ही वस्तुस्थिती आहे. पोटातून आत गेलेली गोष्ट डोक्यापर्यंत पोचत नाही असे मानणारे बहुधा कधी उपाशी राहिलेले नसतात.

माझा खरा आक्षेप दुसरा आहे. देवाने माझे पाप माफ केले, ठीक. पण ज्याची सायकल मी ओढून ठेवली त्याचे काय? त्याच्या वतीने माफी देणारा देव कोण? कर्मसिद्धान्ताला आपण कितीही नावे ठेवली तरी त्याची वही सालदाराची बाकी विसरत नाही. डीट्रिख बॉनहॉफर या जर्मन पाद्र्याने १९३७ साली स्वस्त कृपेविषयी लिहिले. जिच्यात माणूस आहे तसाच राहतो आणि पाप तेवढे पुसले जाते, अशी कृपा चर्चचा घात करते, असे त्याचे म्हणणे. एप्रिल १९४५ मध्ये हिटलरच्या छळछावणीत त्याला फाशी दिले गेले, तेव्हा महाग कृपेची किंमत त्याला ठाऊक होती असे म्हणायला हवे.

या आक्षेपाला बायबलमध्ये जे सगळ्यांत जवळचे उत्तर मला सापडले ते पौलाकडे नाही, यरीहोच्या एका जकातवाल्याकडे आहे. त्याचे नाव जक्कय. रोमन सरकारसाठी वसुली करायची आणि वर आपले काढून घ्यायचे, असा त्याचा धंदा. ठेंगणा होता म्हणून येशूला पाहायला झाडावर चढला. येशू त्याला म्हणत नाही की आधी लोकांचे पैसे परत कर, मग मी येतो. तो म्हणतो, उतर, आज मला तुझ्याच घरी राहायचे आहे. लोक कुरकुरतात. आणि त्यानंतर जक्कय उभा राहून जाहीर करतो की अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना फसविले असेल त्यांना चौपट. आमच्या बँकेत क्रम नेहमी असा असे, आधी जुनी थकबाकी भरा, मग नवे कर्ज. इथे नवे खाते आधी उघडले आहे आणि जुनी थकबाकी त्याच्या जोरावर फिटते आहे, तीही बाहेरच्या लोकांना, चौपटीने. ही रीत एखाद्या शाखाधिकाऱ्याने अवलंबिली असती तर तपासनिसाने त्याला दुसऱ्या दिवशी निलंबित केले असते. पण सायकल परत जाण्याची शक्यता मला याच क्रमात दिसते.

जक्कयाने पुढे किती लोकांना बोलाविले, चौपट रक्कम भरायला उरलेली अर्धी मालमत्ता पुरली की नाही, याचा तपशील लूक देत नाही. वैद्य होता म्हणतात, हिशेबनीस नव्हता. मला ती यादी वाचायला आवडली असती.